२५ मीटर रॅपिडमध्ये तीन सेकंद पुरत नाहीत. नवख्याने वेळेचं उद्दिष्ट काय ठेवावं?

उशिराची_नेमबाज

नमस्कार. वय ३८. दीड वर्ष १० मीटर एअर पिस्तूल केलं, ६० शॉट्सना ५३५ ते ५४५ मध्ये अडकून बसले आहे. चार महिन्यांपूर्वी पॉइंट टू-टू (.२२ चं पिस्तूल) हातात घेतलं आणि २५ मीटरवर गेले. प्रिसिजनचं (सावकाश मारायचा भाग) बरं चाललंय, ३० शॉट्सना २६५ पर्यंत जाते. रॅपिडला (तीन सेकंद हिरवा दिवा, तेवढ्यात हात उचलून एक गोळी, असं पाच वेळा) मात्र पार वाट लागते.

परवाच्या मॅचमधली शेवटची सीरिज (पाच गोळ्या) अशी: ९, ७, शून्य, ६, शून्य. दोन्ही शून्यं म्हणजे दिवा लाल झाल्यावर सुटलेल्या गोळ्या. ७ आणि ६ दोन्ही डावीकडे खाली (मी उजव्या हाताने मारते).

होतं काय, तर हिरवा दिवा लागला की हात उचलते, साइट्स (पिस्तुलावरची पुढची पट्टी आणि मागची खाच) जुळवते, हात स्थिर व्हायची वाट बघते. तेवढ्यात आतून कुणीतरी 'संपलं!' म्हणून ओरडतं आणि बोट एकदम ओढलं जातं. एअर पिस्तूलमध्ये नाही जमलं तर हात खाली आणून पुन्हा उचलायची सोय होती. इथे ती नाही, हे मनाला अजून पटलेलंच नाही.

घरी रोज संध्याकाळी ४० मिनिटं ड्राय (गोळीशिवायचा सराव) करू शकते. आठवड्यातून दोनदा रेंज, दर वेळी ६० राउंड (गोळ्या). पहिल्या सहा महिन्यांत वेळेचं काय उद्दिष्ट ठेवू? रेंजवर एकाने सांगितलं, आधी ५ सेकंदांत मार, मग ४, मग ३ वर ये. हे बरोबर आहे का?

चाप_आणि_ताप

ताई, मी पण याच दुखण्यातून गेलोय. मी ५ सेकंदांपासूनच खाली उतरलो आणि मला फायदा झाला. सुरुवातीला वेळेची भीती जाते, हे मुख्य. तीनच सेकंदांत मारायचं म्हटलं की डोक्याला शॉट आणि टार्गेटला काहीच नाही, असं व्हायचं माझं.

फोनवर स्वतःच्या आवाजात टाइमर रेकॉर्ड करा. 'अटेन्शन', मग ७ सेकंद शांतता, मग बीप, ३ सेकंद, बीप, पुन्हा ७ सेकंद, असं पाच वेळा. पहिल्या शांततेपासून शेवटच्या बीपपर्यंत बरोबर ५० सेकंद होतात. रोज दहा सीरिज घरी करायच्या.

लाल_दिवा

टाइमरची कल्पना झकास, ती घ्याच. ५-४-३ च्या पायऱ्यांबद्दल माझं मत वेगळं आहे, त्यावर पुढे येतो.

मी पंधरा वर्षं रॅपिड मारलं, त्यातली पहिली तीन वर्षं चुकीचं मारलं. आता मॅच खेळत नाही, रेंजवर मागे खुर्ची टाकून लोकांचे हात बघत बसतो. तुम्ही लिहिलेली सीरिज मी इतक्यांदा बघितली आहे की तुमचा हात न बघताही सांगतो, तुमचं नमनालाच घडाभर तेल जातंय. हात वर पोचायलाच पावणेदोन-दोन सेकंद लागत असणार. राहिलेल्या एका सेकंदात तुम्ही एअर पिस्तूलचा शॉट मारायला बघता. तो कुणालाच जमणार नाही.

आधी तुमच्या मनातली एक गोष्ट मोडायची आहे. एअर पिस्तूलच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ ११.५ मिमी असतं, अंतर १० मीटर. रॅपिडच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ १०० मिमी, अंतर २५ मीटर. अंतराचा हिशोब केला तर रॅपिडचा दहा तुमच्या डोळ्याला एअर पिस्तूलच्या दहाच्या जवळजवळ साडेतीन पट मोठा आहे. एअर पिस्तूलचा आठ घ्या, ४३.५ मिमी. तो आणि रॅपिडचा दहा यांत फारसा फरक उरत नाही. तुम्ही ५४० मारता, म्हणजे सरासरी नऊ. ज्या हाताने तुम्ही दीड वर्ष बहुतेक सगळे शॉट आठच्या आत ठेवलेत, त्या हाताला रॅपिडच्या दहात राहण्यासाठी आणखी स्थिर व्हायची गरजच नाही. तरी तुम्ही वाट बघता. कशाची?

हात डुलतो तो डुलू दे. हात समांतर २ सेंमी सरकला तर गोळी २ सेंमी सरकते. पण पुढची साइट मागच्या खाचेत १ मिमी तिरकी झाली, तर दोन साइट्समधलं अंतर २२ सेंमी धरून गोळी २५ मीटरवर ११ सेंमीच्या वर भरकटते. बोट ओढल्यावर नेमकं हेच होतं. हाताच्या डुलण्याने तुमचा सहा आलेला नाही, बोटाने आलाय.

आता वेळ. हिरवा दिवा ते गोळी यात माझे टप्पे असे: दिवा दिसून हात हलायला पाव सेकंद. १.२ ते १.४ ला हात वर, साइट्स जुळलेल्या. २.२ ते २.६ मध्ये गोळी. उरलेले चारेक दशांश हातचे, त्यांना हात लावायचा नाही. नवख्याने तीन सेकंदांचं उद्दिष्ट ठेवूच नये, तीन सेकंद ही भिंत आहे. तुमचं पहिलं उद्दिष्ट हात किती वेळात वर पोचतो हे. गोळीची वेळ नंतर.

म्हणून ५-४-३ मला पटत नाही. पाच सेकंद मिळाले की माणूस हात आरामात उचलतो, वर थांबतो, बघतो, मग दाबतो. तीच सवय मुरते, आणि तीन सेकंदांवर आलं की तोच जुना शॉट कोंबून बसवायला लागतो. उचल पहिल्या दिवसापासून मॅचच्याच वेगाने शिकायची. हवं तर पहिले काही दिवस दाबू नका, पण उचलताना वेळेची सूट नको.

घरी करायचं ते सांगतो. त्याआधी, पिस्तूल रिकामं आहे हे दोनदा बघा, चेंबरमध्ये डोकावून बघा, आणि राउंड दुसऱ्या खोलीत ठेवा. रोज. दहा वर्षांनंतरही. तुमच्या पिस्तुलात ड्रायची सोय नसेल तर रिकाम्या चेंबरवर फायरिंग पिन आपटू नका, पॉइंट टू-टूत त्याने चेंबरची कड खराब होते. डमी (खोटी गोळी) वापरा.

पहिले दोन आठवडे पांढरी भिंत. टार्गेट नाही, ट्रिगर नाही. हात ४५ अंश खाली, बीप झाला की उचला आणि थांबा. हात पोचला त्या क्षणी पुढची साइट खाचेत कुठे आहे तेवढंच बघायचं. सरळ करायची नाही! फक्त बघायची आणि वहीत लिहायची. वीस उचलींत बारा वेळा साइट वर दिसली तर दोष डोळ्याचा नाही, ग्रिपचा किंवा मनगटाचा आहे. ग्रिप पुन्हा धरा, मनगट कुलूप घातल्यासारखं घट्ट करा, परत वीस. पुढे टार्गेट लावाल तेव्हा साइट्स नीट पण अख्खा हातच टार्गेटच्या डावीकडे जातोय असं दिसलं, तर मागचा पाय थोडा सरकवा, हात ओढून आणू नका. दहातल्या आठ उचलींत साइट जुळून यायला लागली की पुढे जायचं. कुणाला आठवडा लागतो, मला पाच आठवडे लागले होते. मनगट हलवून साइट जुळवण्यात मी पटाईत होतो, तेच नडलं.

या काळात उचल मोजा. फोन बाजूला उभा करून व्हिडिओ काढा, टाइमर शेजारी वाजू दे. सेकंदाला ३० फ्रेम असतात, बीपपासून हात थांबेपर्यंतच्या फ्रेम मोजा. ४० च्या आसपास आलं की १.३ सेकंद. कंटाळवाणं काम आहे, पण मनातला अंदाज हमखास खोटा बोलतो.

मग ट्रिगर. तुमच्या ट्रिगरचं वजन किमान १००० ग्रॅम असणार, नियमच तसा आहे. त्यातलं बरंचसं हात वर येता येता उचलून घ्यायचं. हात टार्गेटवर पोचेल तेव्हा थोडंच उरलेलं असावं आणि दाब वाढता राहावा. तुम्ही वर पोचल्यावर शून्यापासून दाबायला सुरुवात करता, म्हणून शेवटी झटका बसतो. 'आता दाब' असा हुकूम बोटाला द्यायचाच नाही. दिवा हिरवा झाला की हात आणि बोट दोघं एकदम कामाला लागतात. हे आधी ड्रायमध्ये, निदान तीन आठवडे. राउंड भरून पहिल्याच दिवशी केलंत तर एखादी गोळी टार्गेटच्या खाली जमिनीत जाईल आणि माझ्यासारखा कुणीतरी मागून ओरडेल.

रेंजवरच्या ६० राउंडपैकी पहिले वीस टार्गेट उलटं करून कोऱ्या कागदावर मारा. मधलं काळं वर्तुळ दिसलं नाही की नेम धरायला काही उरत नाही आणि नजर साइटवर टिकते. ग्रुप (गोळ्यांच्या भोकांचा पुंजका) कुठे पडला ते बघू नका, किती मोठा आहे ते बघा. पुढचे वीस काळ्यावर, पण कुणाला तरी मॅगझिन भरायला सांगा आणि मध्ये कुठेतरी एक डमी टाकायला सांगा. डमीवर नळीने डुबकी मारली की डावीकडच्या सहाचा उगम सापडतो. उरलेले वीस मॅचसारखे, चार सीरिज.

महिन्यांचं विचारलंत. पहिला महिना: उशिराचा एकही शॉट नको, स्कोअर बघायचाच नाही. तिसऱ्या महिन्याच्या शेवटी: तीसच्या तीस शॉट्स आठच्या आत. आठचं वर्तुळ २६ सेंमी आहे, म्हणजे जेवणाच्या ताटाएवढं. सहाव्या महिन्यात २५५ ते २६०. यापेक्षा जास्त ठरवू नका, ठरवलंत की दोन आठवड्यांत बोट ओढायला लागाल.

दोन्ही_डोळे_उघडे

वरचं सगळं मान्य. एक विचारतो, ताई, अटेन्शननंतरच्या सात सेकंदांत तुमची नजर कुठे असते? पुष्कळ नवखे खाली पिस्तुलाकडे बघत राहतात आणि हाताबरोबर नजर वर आणतात. त्यात वेळ जातो आणि मानही हलते. मान आधीच मॅचच्या जागी ठेवा, नजर टार्गेटच्या भागात सैल सोडा, आणि हात वर येताना पुढची साइट नजरेत शिरली की तिच्यावर जा. पुढची साइट सुईसारखी तीक्ष्ण, टार्गेट धूसर. टार्गेट तीक्ष्ण दिसायला लागलं की समजा हातातून गेला शॉट.

दुसरं म्हणजे ३८ म्हणजे चाळिशी दारात. मला पुढची साइट पुसट दिसायला लागली तेव्हा वर्षभर मी ट्रिगरला दोष देत होतो. शेवटी लांबच्या नंबरात अधिक अर्धा वाढवून नेमबाजीच्या चष्म्याची काच केली आणि दहा मिनिटांत भांडण मिटलं. तुमचा नंबर वेगळा असेल. डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाताना हात लांब करून पुढच्या साइटपर्यंतचं अंतर टेपने मोजून घेऊन जा, तेवढ्या अंतरावर नीट दिसायला हवं म्हणून सांगा.

चाप_आणि_ताप

लाल दिवा दादा, एक मुद्दा सोडत नाही. पाच सेकंदांवर मी आरामात उचलत नव्हतो. उचल वेगातच, फक्त दाबायला जास्त वेळ. त्यानेच भीती गेली. आणि स्टँडर्ड पिस्तूलमध्ये (२५ मीटरचाच दुसरा प्रकार, पाच गोळ्यांना ठरलेला वेळ) तर १५० सेकंद, मग २० सेकंद, मग १० सेकंद अशाच पायऱ्या आहेत. तिथे चालतं, मग इथे का नाही?

लाल_दिवा

उचल वेगात आणि दाबायला जास्त वेळ, असं तुम्ही केलंत तर तुम्ही ५-४-३ केलंच नाहीत. मी सांगतोय तेच केलंत आणि त्याला दुसरं नाव दिलंत. भांडायला जागा उरली नाही!

स्टँडर्डचं उदाहरण मात्र जमत नाही. तिथे एका उचलीत पाच गोळ्या. वेळ कमी झाली तरी पहिली गोळी फार लवकर येत नाही, मधलं अंतर आवळतं. २० सेकंदांत मी पहिली साडेतीनला मारायचो आणि मग पावणेचार-पावणेचार सेकंदांवर बाकीच्या, साडेअठराला काम संपतं. १० सेकंदांत पहिली अडीचला, मग प्रत्येकी १.७, म्हणजे ९.३. बघा, पहिली गोळी सेकंदभरच पुढे आली. नवखे लोक उलट करतात, १० सेकंद म्हटलं की पहिलीच गोळी दीड सेकंदाला हाणतात आणि शेवटी दोन सेकंद शिल्लक टाकून हाश्हुश् करतात. ताईंना जमलं तर महिन्यातून एकदा २० सेकंदांच्या सीरिज मारून बघाव्यात. रिकॉइलनंतर (गोळी सुटतानाचा धक्का) साइट आपोआप जागेवर येते की आणावी लागते, ते तिथे उघडं पडतं. ग्रिपची याहून चांगली परीक्षा मला माहीत नाही.

दोन्ही डोळे, काचेचं बरं सांगितलंत. ते माझ्या ध्यानातून गेलं होतं.

उशिराची_नेमबाज

सहा आठवड्यांनी येतेय. आधी कबुली: भिंतीसमोर नुसतं हात उचलत बसायचं याचा चौथ्या दिवशी इतका कंटाळा आला की गुपचूप टार्गेट लावलं. व्हिडिओत लगेच दिसलं, उचल १.४ वरून पुन्हा १.७. काढून टाकलं.

पहिल्या दिवशी फ्रेम मोजल्या तेव्हा ५८ आल्या होत्या. म्हणजे १.९ सेकंद! मला वाटत होतं एक सेकंद. आता ३९ ते ४२ मध्ये असते. सुरुवातीला वीसपैकी चौदा उचलींत पुढची साइट डावीकडे दिसायची. ग्रिपमध्ये हात थोडा फिरवून धरल्यावर वीसपैकी तीन-चारच. चष्म्याची काच बदलली. अधिक अर्धा नाही, पाऊण लागला.

रेंजवर गेले पाच वेळा एकही शॉट उशिरा नाही. डमीवरची डुबकी पहिल्यांदा बघितली तेव्हा लाज वाटली, नळी एवढी खाली गेली की मागे कुणीतरी हसलंच. आता कमी आहे, गेलेली नाही.

नवीन अडचण अशी की सीरिजचे पहिले दोन शॉट बरे येतात, मग घसरण. कालच्या चार सीरिजमधले पहिले दोन शॉट सरासरी नऊच्या वर, शेवटचे तीन साडेसातच्या आसपास. व्हिडिओत चौथी आणि पाचवी उचल १.६ ला जाते. हात दमतो का? वजनांचा व्यायाम सुरू करू?

लाल_दिवा

पाच उचलींनी हात दमत नाही. एअर पिस्तूलच्या मॅचमध्ये ७५ मिनिटांत साठ शॉट्ससाठी तुम्ही नव्वद वेळा हात उचलत असाल. व्यायाम करा, चांगलाच आहे, पण हे दुखणं त्याने जाणार नाही.

गोळी सुटल्यावर पुढच्या सात सेकंदांत काय करता, सेकंदावार लिहा.

उशिराची_नेमबाज

गोळी सुटते, हात खाली येतो, मॉनिटरवर (गोळी कुठे लागली ते दाखवणारा स्क्रीन) बघते, श्वास घेते, परत टार्गेटकडे.

लाल_दिवा

सापडला चोर. मॉनिटरवर बघते!

आठ दिसला की मन हिशोब करतं, डावीकडे दिसला की पुढचा उजवीकडे ढकलतं, दहा दिसला की खूश होऊन बसतं. शिवाय मान वळते, डोळ्याचा फोकस स्क्रीनवर जातो आणि परत साइटच्या अंतरावर यायला वेळ घेतो. उचलीतले दोन-तीन दशांश तिथेच जातात.

सात सेकंद असे घालवा. गोळी सुटल्यावर अर्धा सेकंद हात वरच, नजर पुढच्या साइटवर, सुटताना ती कुठे होती ते मनात टिपायचं. मग हात खाली ४५ अंशांवर, मान जागची हलायची नाही. एक पूर्ण श्वास आत-बाहेर. पाचव्या सेकंदाच्या सुमारास अर्धा श्वास, मनगट घट्ट, बोट ट्रिगरवर. आणि दिव्याची वाट बघा, दिव्याचा अंदाज बांधू नका. घरच्या टाइमरवर सहा आठवडे काढलेत, आता सात सेकंद अंगात बसले असतील, तिथेच माणूस दिव्याच्या आधी हात हलवायला लागतो.

सरावाला मॉनिटरवर पुठ्ठा लावा. पाच शॉट झाले की वहीत आधी स्वतःचा अंदाज लिहा, प्रत्येकाचा आकडा आणि दिशा. मग पुठ्ठा काढा.

चाप_आणि_ताप

पुठ्ठ्याऐवजी मी टोपी अडकवतो. रेंजवर सगळे विचारतात टोपी विसरलास का.

उशिराची_नेमबाज

आज पुठ्ठा लावून सहा सीरिज केल्या. पहिल्या तीन सीरिजमध्ये अंदाज म्हणजे नुसती फेकाफेकी होती, निम्मे चुकले. चौथीपासून जरा दिसायला लागलं.

शेवटच्या सीरिजला वहीत लिहिलं होतं: ९, १०, ८ उजवीकडे, ९, ९.

पुठ्ठा काढला: ९, ९, ८ उजवीकडे, १०, ९.